पंचमीचा मुराळी

सांगलीच्या स्टँडवर उतरलेली माणसं आधी पिशव्या सांभाळतात, मग रिक्षा बघतात. आमचे मामा आधी वर बघायचे. काखेत बाजरीची पिशवी, एक हात डोक्यावरच्या पटक्यावर, मान मागे टाकलेली आणि उभे कुठे, तर ऐन रस्त्यात. रिक्षावाले हॉर्न वाजवून वैतागायचे. मी दंडाला धरून त्यांना बाजूला घेतलं तरी नजर खाली यायची नाही. माझी विचारपूस नाही, घरच्यांची खुशाली नाही. पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "ह्यो नवा कवा उभा ऱ्हायला रं?"

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. जत तालुक्यातल्या, पावसाने वाळीत टाकलेल्या एका गावात राहायचे. तरुणपणी मेंढरं घेऊन गावोगाव हिंडले, पुढे गुडघे कुरकुरायला लागल्यावर कळप कमी करून शेतीला लागले. दर वर्षी नागपंचमीच्या आधी ते आईला माहेरी न्यायला येत. सासुरवाशिणीला न्यायला येणाऱ्या माणसाला आमच्याकडे मुराळी म्हणतात. आईचे सासू-सासरे जाऊन जमाना झाला, पाठोपाठ माझे वडीलही गेले, सासुरवास करायला घरात कोणी उरलं नाही. तरी मुराळी यायचा थांबला नाही. आई हसायची. "मी काय नवी नवरी हाय व्हय रं आप्पा? येस्टीत बसून माजी मी यीन की," म्हणायची. मामा गंभीरपणे सांगायचे, "यशील गं आक्का. पर न्यायला कुणी आलं तर त्ये म्हायेर." यावर आई पिशवी भरायला घ्यायची.

वर्षातून एकदा येणाऱ्याला शहराची वाढ जशी डोळ्यांत भरते, तशी रोज तिथेच राहणाऱ्याला भरत नाही. आमच्याकडे येणारे इतर पाहुणे त्यामुळेच भारावून जायचे. मिरजेच्या रस्त्याला रिक्षा लागली की त्यांच्या माना दोन्हीकडे वळायच्या. "काय हो ही सांगली! पार पुण्यासारखी झाली," असं कोणी म्हणालं, की त्या इमारती आपणच बांधल्यासारखे आम्हीही फुगायचो. मामांकडे मात्र कौतुकाचा शब्द नव्हता. इमारतीचा रंग, काचा, दर्शनी भागावरचं इंग्रजी नाव यांतलं काहीही त्यांना दिसायचं नाही. ते विचारायचे, "जिना कुठनं हाय? वर गच्चीला दार असतंय का उगडंच? माणसं किती मावत्याली?" मी एकदा चिडून म्हणालो, "मामा, तुम्हाला विकत घ्यायची आहे का ती?" तर म्हणाले, "बगून ठिवाय काय पैसं पडत न्हाईत."

ही बघून ठेवण्याची सवय मेंढरांमागची होती. कळप घेऊन कृष्णाकाठच्या काळ्या रानात उतरले, की मुक्कामाची जागा ठरवायचं काम त्यांच्याकडे असायचं. "आदी उंचवटा बगायचा, मग चूल मांडायची," हे त्यांचं आवडतं वाक्य. एका साली त्यांच्या भावकीतल्या कोणीतरी आळस केला, खालीच मुक्काम टाकला, वर कुठेतरी पाऊस झाला आणि ओढ्याच्या पाण्यात डालग्याखाली झाकलेली कोकरं गेली. मामा ही गोष्ट दर वर्षी सांगायचे आणि दर वर्षी सांगताना मधेच थांबून तंबाखू शोधायचे. कृष्णाकाठच्या त्या रानात आता घरं झाली होती. जिथे मेंढरं बसवली तिथे मंगल कार्यालय उभं होतं. त्याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. शहर वाढायचंच, म्हणायचे. पण हे सपाट मुलखातलं शहर वर चढत चाललंय आणि आपली बहीण तेवढी खाली राहिलीय, ही गोष्ट त्यांच्या मनातून जात नव्हती.

आईचं घर नदीच्या बाजूच्या खालच्या गल्लीत होतं. पाणी तिथे अधूनमधून यायचं. आई पुराबद्दल एखाद्या आगंतुक नातेवाइकाबद्दल बोलावं तसं बोलायची. "पायरीपतूर येतंय, बसतंय आन जातंय," हा तिचा हिशेब. मी नोकरीला साताऱ्यात, मामा यायच्या वेळेला तेवढा सांगलीला यायचो. आई, माझ्याकडे चल, असं सांगून मी दमलो. "तितं माज्या वळकीचं कोण हाय?" एवढं एकच तिचं उत्तर. मामा मला बाजूला घेऊन म्हणायचे, "लेका, आक्काला हितंच कुटंतरी वर खोली बग." मी भाव सांगितले, की परत वर बघायला लागायचे.

गल्लीच्या तोंडाशी हमरस्त्यावर एक मोठी इमारत उठत होती. एका साली मामा आले तेव्हा तिचा नुसता सांगाडा उभा होता. ना भिंती, ना दारं. मामा सरळ आत शिरले. मी मागे धावलो. वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. तिथला मुकादम निघाला विजापूरकडचा. मामांनी त्याच्याशी मोडक्या कानडीत सूत जमवलं, पिशवीतल्या मूठभर शेंगा दिल्या आणि आम्ही कठडा नसलेल्या जिन्याने वर गेलो. मी एका खांबाला धरून उभा राहिलो. मामा मात्र स्लॅबच्या कडेला जाऊन उभे राहिले. खाली नदी दिसत होती, तिच्या अलीकडे आमच्या गल्लीचे पत्रे. मामा बराच वेळ बघत होते. "आक्काचं घर पार खड्ड्यात हाय की रं," म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी आईला बजावलं, "पाणी चढलं तर कुटं बी जायाचं न्हाई. त्या इमारतीच्या जिन्यात जाऊन बसायचं. मी बगून आलोय." आईने बरं म्हटलं. मला हसू आलं होतं, हेही सांगून टाकतो.

पुढे ती इमारत पुरी झाली. भिंती आल्या, काचा आल्या, लोक राहायला आले. खाली लोखंडी फाटक बसलं. मामांनी ते फाटक पाहिलं नसेल असं नाही. पण ते खाली बघणारे नव्हते आणि त्यांच्या मते उंचवटा तो उंचवटाच होता. माळावरच्या टेकाडाला कोणी दार बसवतं का?

मोठ्या पुराच्या वर्षी मामा पंचमीच्या आधी नेहमीसारखे आले, मला मात्र रजा मिळाली नव्हती. साताऱ्यात तेव्हा पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता. आमच्या खिडकीतून अजिंक्यतारा चार-चार दिवस दिसत नव्हता आणि मला माहीत होतं, की हे सगळं पाणी खाली सांगलीकडेच निघालंय. मी फोनवर फोन करत होतो. आई म्हणाली, "आप्पा आलाय. डाळ-तांदूळ माळ्यावर टाकतोय. उद्या निगतो आमी." दुसऱ्या दिवशी फोन लागला नाही. हमरस्ता बंद झाला, गाड्या बंद झाल्या. मी साताऱ्यात टीव्हीसमोर बसून राहिलो. बातम्यांत सांगली दिसत होती. वरून काढलेलं चित्र, सगळीकडे गढूळ पाणी आणि त्यातून वर आलेल्या उंच इमारती. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, किती छान दिसतंय ना?" मी तिला आत पाठवलं.

पुढचं मला मामांनी मिरजेच्या दवाखान्यात सांगितलं. सकाळी पाणी उंबऱ्याच्या आत आलं. गल्लीतून बोट फिरली. पोरं ओरडून सांगत होती, की शाळेत सोय केलीय, बसा. शेजारपाजारचे बसले. मामांनी बोट नाकारली. आयुष्यभर कोरड्या रानात वावरलेल्या माणसाला त्या हलणाऱ्या बोटीचा भरवसा वाटेना आणि त्यांच्याकडे जागा होती ना बघून ठेवलेली! "तुमी जावा. आमचं ठिकाण हाय म्होरं," असं त्यांनी बोटीतल्या पोरांना सांगितलं. मग आईच्या कमरेला पटका बांधून, दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळून ते तिला पाण्यातून हमरस्त्यापर्यंत घेऊन गेले.

फाटकाला कुलूप होतं.

वरच्या गॅलऱ्यांत माणसं होती. काहीजण मोबाइलवर पुराचं चित्रीकरण करत होते. पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थाने वाकून सांगितलं, "आजोबा, इथं नाही, शाळेत जा. तिकडं सगळी सोय आहे." मामा म्हणाले, "घरात न्हाई येत आमी. जिन्यात बसतो. म्हातारीला दमा हाय." त्यावर त्याने सांगितलं, की लिफ्ट बंद आहे, टाकीत पाणी नाही, मागच्या वेळी बाहेरची माणसं घेतली तर चोऱ्या झाल्या, चावी सेक्रेटरींकडे आहे आणि सेक्रेटरी पुण्याला आहेत. खरं-खोटं देव जाणे. मागे फिरावं तर रस्त्याला ओढ लागली होती, गल्लीत छातीभर पाणी. मग दोघं फाटकाचे गज धरून उभी राहिली. कोणीतरी वरून बिस्किटाचा पुडा टाकला, तो पाण्यात पडला. मामांनी तो पकडला, फोडला आणि आईला भरवला. आई म्हणाली, "आप्पा, वर बगू नगंस. मान दुकंल."

संध्याकाळी दुसऱ्या बोटीने त्यांना उचललं. दिवसभर गार पाण्यात उभं राहून आईची छाती भरली होती. रस्ता मोकळा होऊन मी मिरजेला पोहोचलो तेव्हा ती मला ओळखत होती, पण बोलत नव्हती. पंचमी होऊन गेली होती. आई पौर्णिमेच्या आत गेली.

मला सगळ्यांचा राग आला. पाण्याचा, त्या गॅलरीतल्या माणसाचा, बोट नाकारणाऱ्या मामांचाही आला. मी त्या इमारतीसमोर जाऊन तमाशा करणार होतो. मामांनी माझा हात धरला. "त्यांस्नी काय बोलू नगंस," एवढंच म्हणाले. मी हात सोडवून घेतला. पण गेलो नाही. तेराव्यापर्यंत मामा आमच्याशी मोजकंच बोलले आणि गावी निघून गेले. जाताना स्टँडवर त्यांची नजर स्वतःच्या वहाणांवर होती.

पुढच्या पंचमीला माझ्या साताऱ्याच्या घराखाली मामा उभे! इतक्या लांब एकटे कसे आले, पत्ता कसा शोधला, काही सांगेनात. "चल," म्हणाले. "आक्का न्हाई तर तुला न्हेतो." मी म्हटलं, आधी वर तरी या, चहा घ्या. आमचं घर चौथ्या मजल्यावर. मामा जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "हितंच बरं हाय." माझ्या बायकोने चहा खाली आणला. येणारी-जाणारी माणसं त्यांना ओलांडून जात होती आणि प्रत्येक वेळी ते अंग चोरून वाट देत होते. मला ते बघवेना. मी कपडे भरले आणि निघालो.

गावात पोचल्यावर मामींनी ओवाळलं, पुरणपोळी वाढली. माहेरवाशिणीचे सगळे लाड माझे झाले आणि मी पाटावर बसून हुंदके देत जेवलो. संध्याकाळी मामा मला रानात घेऊन गेले. त्यांची विहीर खोल, आत उतरायला दगडी पायऱ्या. पायऱ्यांच्या तोंडाशी गंजलेलं लोखंडी दार होतं, उघडंच पडलेलं.

"ह्ये मी बसवलं," मामा म्हणाले. "दुस्काळाच्या साली. साऱ्या शिवारात हितंच काय त्ये डबकंभर पाणी हुतं. माणदेशाकडनं एक बिऱ्हाड आलं मेंढरं घिऊन. बाई फुडं आली. कडंवर पोर हुतं तिच्या. म्हणाली, जितराबाला नगं, पोराला तांब्याभर द्या. आमी चौगं-पाच जण हितं बसलेलो. कुणी उटलं न्हाई. चावी माज्या कंबरंला हुती."

मी हात लावला तसं ते दार कुरकुरलं.

"पाण्याला कुलूप लावत्यात ह्ये मला ठावं हुतं रं," मामा म्हणाले. "मीच लावलं हुतं. पर उंचवट्याला बी लावत्यात ह्ये न्हवतं ठावं. ठावं असतं तर आक्काला बोटीत बसवली असती."

त्यानंतर मामा सहा महिनेही राहिले नाहीत. आजारी पडले म्हणावं तर तसं काही नाही. खाणं सोडलं, बोलणं सोडलं आणि एक दिवस गेले. मामी म्हणतात, बहिणीचा घोर घेतला. असेलही. पण मला ती विहिरीवरची संध्याकाळ आठवते. अंधार पडत आला होता, आम्ही उठायच्या बेतात होतो आणि मी उगीच, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मग त्या बाईचं पुढं काय झालं, मामा?"

मामांनी माझ्याकडे बघितलं.

"कुणी इचारलं?" ते म्हणाले.