मी पायरीवर होते

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. पोलिसांना तर नाहीच — त्यांना मी दुसरंच सांगितलं. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

मी प्राथमिक शाळेत बाई आहे. तेव्हा माझी शाळा कोल्हारपासून आत, कालव्याकाठच्या एका गावात होती. चौफेर ऊस. उसात बिबट्या असायचा, पण त्याची भीती गावाच्या अंगवळणी पडली होती. पोरं घोळक्यानं, मोठमोठ्यानं बोलत शाळेत यायची, झालं. मग मोबाईलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ फिरायला लागले. कुठले, कधीचे — कुणी विचारलं? मीही नाही विचारलं. मीसुद्धा दोन पुढं पाठवले. आठ दिवसांत हजेरी अर्ध्यावर आली.

मुख्याध्यापक म्हणाले, बाई, काहीतरी बसवा. गॅदरिंगची नाटकं मीच बसवायची ना. एका रविवारी बसून लिहिलं, पाच मिनिटांचं. झोळीवाला अनोळखी माणूस येतो, गोड बोलतो, खाऊ देतो. पोरं त्याच्याभोवती गोल करतात. तीन टाळ्या. मग सगळे एका सुरात — "कोण रे तू? कुठला तू? झोळी दाव, झोळी दाव!" तो घाबरून खाली पडतो. मी शिट्टी वाजवते, सगळे जागच्या जागी थांबतात. संपलं.

यात वाईट काय होतं? तेव्हा मला काही दिसलं नाही.

झोळीवाला व्हायचे आमचे शिपाई, तुकाराममामा. प्रयोग एकदाच करायचा होता, पण पोरांना इतका आवडला की रोजच्या परिपाठात आला. प्रार्थना, प्रतिज्ञा, मग हे. पोरं शाळेत यायला लागली. पालक कुंपणाबाहेर थांबून बघायचे. पुढं तेही टाळ्या द्यायला लागले, मग ओरडायलाही. मामा पडले की सगळे हसायचे, मीही हसायचे. लोकांची भीती कमी होतेय असं मला वाटायचं. आता वाटतं, आम्ही ती रोज सकाळी ताजी करत होतो.

एकदा मामांनी बाही वर सरकवली. "बाई, पोरं लई जोरात येत्यात आता. काल कुनीतरी चावलं बगा." दंडावर दातांचे वण होते. सांगते त्यांना, मी म्हणाले. सांगितलं नाही. खरं सांगू? तालुक्याहून शिक्षण खात्याचे साहेब येऊन कौतुक करून गेले होते. पन्नास पोरं एका ठेक्यात म्हणायची तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा — अभिमानानं.

त्या सकाळी परिपाठ संपत आला होता. गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारा एक माणूस फाटकाशी आला. खांद्याला झोळी. आत पक्कड, पाने, रबरी नळ्या होत्या, ते नंतर कळलं. त्यानं पाणी मागितलं. पहिलीतली एक मुलगी फाटकाजवळ होती, तिच्याशी हसून काहीतरी बोलला. आणि मागच्या रांगेतून तीन टाळ्या वाजल्या.

पोरांनी गोल केला. अगदी शिकवल्यासारखा. तो आधी हसला, त्याला खेळच वाटला असणार. झोळी दाव म्हटल्यावर मात्र त्यानं ती छातीशी घट्ट धरली. कुंपणाबाहेरचे लोक आत आले, पोरं मागं ढकलली गेली. पण पोरांचा आवाज थांबला नाही. टाळ्याही. आणि मोठी माणसं मारतानाही तेच म्हणत होती — मी लिहिलेलं, त्याच चालीत.

मी व्हरांड्याच्या पायरीवर उभी होते. गळ्यात शिट्टी होती.

ज्ञानदेव गर्दीत घुसला. चौथीतल्या एका मुलीचा बाप, कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. तो त्या माणसावर ओणवा झाला. पाठीवर काठ्या पडत असताना त्यानं मान वर केली, थेट माझ्याकडं बघितलं. "बाई, शिट्टी वाजवा! शिट्टी!"

वाजवली असती तर? पोरं थांबली असती, नक्की. मोठ्यांचं नाही सांगता येत. पण पोरांचा आवाज तुटला असता, आणि त्या शांततेत कुणाला तरी स्वतःचा हात दिसला असता… जाऊ दे. मी शिट्टी हातात घेतली. ओठांपर्यंत नेली सुद्धा. वाजवली नाही.

घाबरले होते का? होते. हा खरंच पोरं पळवणारा निघाला तर, असं वाटलं. हे सगळे माझ्याकडं वळले तर, असंही वाटलं. इथवर तर मी स्वतःशी बऱ्याचदा आले आहे, आणि इथंच थांबले आहे. पण याच्या पुढं एक आहे — शिट्टी वाजवता आली नाही, कारण माझं तोंड मोकळं नव्हतं. मी पोरांबरोबर म्हणत होते. झोळी दाव, झोळी दाव. मोठ्यानं. किती वेळ, ते मला माहीत नाही.

तो माणूस तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. सुभाष नाव होतं. नंतर त्याची बायको येऊन शाळेचं पटांगण बघून गेली. तिच्याशी कुणी बोललं नाही. मीही नाही.

पोलिसांना मी सांगितलं, मी ऑफिसात होते, हजेरी लिहीत होते. कुणीतरी मोबाईलवर मागून काढलेला व्हिडिओ होता. त्यात ज्ञानदेव त्या माणसावर वाकलेला दिसतो, हात त्याच्या अंगावर. मारणाऱ्यांबरोबर त्यालाही नेलं. त्या दोन हातांनी तो काय करत होता, हे समोरून एकाच माणसाला दिसलं होतं. आणि ते माणूस तर ऑफिसात होतं.

दीड वर्षानं त्याला जामीन मिळाला. मग माझी साक्ष निघाली. त्याच्या वकिलानं विचारलं, तुम्ही पायरीवर होतात, माझ्या अशिलानं तुम्हाला हाक मारली, हे खरं ना? "खोटं आहे," मी म्हणाले. "मी ऑफिसात होते." आवाज जराही कापला नाही. आत काही हललंही नाही. घरी जायची एसटी किती वाजता आहे, हा विचार मात्र आलेला आठवतो.

ज्ञानदेवला बाकीच्यांबरोबर शिक्षा झाली. निकालाच्या वेळी मी बदली घेऊन अकोल्याच्या बाजूला आले होते. तिकडच्या जुन्या शेजारच्या बाईंनी फोनवर सांगितलं. मी "बरं" म्हणाले.

साक्षीच्या दिवशीचं एक राहिलं. कोर्टातून निघाले, एसटीत चढले. गाडी गच्च भरलेली. मधल्या बाकावर ज्ञानदेव आणि त्याची बायको बसलेली होती. मला उतरून जाता आलं असतं. कंडक्टरनं बेल दिली. ज्ञानदेवनं मला बघितलं, आणि उठला.

"बसा, बाई."

त्याच्या बायकोनं माझ्याकडं बघितलं नाही. पिशवी उचलून मांडीवर घेतली, खिडकीकडं सरकली, जागा केली. तो दांडीला धरून उभा राहिला.

मी बसले. कोल्हार येईपर्यंत बसून होते.