रिकाम्या पत्त्यावरचा आकडा

आधीच कबूल करते, मी या गूढ अनुभवांच्या सदराची टिंगल करणारी वाचक आहे. इथले अनुभव मी रविवारी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवते आणि थाप नेमकी कुठे सुरू झाली ते बोट ठेवून सांगते. माझा धंदाच तो आहे — दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमधल्या चुका काढायच्या. माझ्याकडे काही तपासायला आलं की ऑफिसातली मंडळी सुस्कारे सोडतात, हे मला चांगलं माहीत आहे. त्यामुळे आता स्वतःच लिहायला बसलेय, तर थोडी लाजच वाटतेय.

गेल्या मार्चमधली गोष्ट. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून मी दीड महिना माहेरी, हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकड्याला होते. नोकरी पुण्याची, पण घरून काम चालतं. टेबल मांडलं वरच्या खोलीत. खिडकीतून मागचं वावर दिसतं आणि वावराच्या कडेला दादाचा हळदीचा कुकर. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. ज्यांनी असा कुकर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते — मधे पाण्याची लोखंडी टाकी, खाली जाळ, टाकीतली वाफ पाइपांनी बाजूच्या ड्रममध्ये जाते आणि तिच्यावर हळद शिजते. टाकीवर दाब दाखवणारा एक काटा असतो. एक घाणा, म्हणजे ड्रमभर हळद, शिजला की वाफ सोडायची, ड्रम उलटा करायचा, पुन्हा भरायचा. दिवसभर हेच.

आता माझं काम थोडक्यात. कॉम्प्युटरला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला मेमरीत एक ठरावीक जागा दिलेली असते, शेताच्या गटासारखी. एखाद्या प्रोग्रामला त्या यंत्राशी बोलायचं असेल तर ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, तेवढीच जागा त्याला उघडून देतो. आमच्या जुन्या कोडमध्ये गोम अशी होती की कर्नल ही जागा मोजायचाच नाही. जास्त मागितलं तर बांधापलीकडचंही उघडून द्यायचा. आमच्या टीममधल्या तन्मयने त्यावर आठ ओळींची दुरुस्ती लिहिली होती — हद्द संपली की साफ नकार. ती तपासून मंजूर करायची होती मी.

माझी एक पद्धत आहे. आधी चूक स्वतःच्या डोळ्यांनी बघायची, मगच दुरुस्ती लावायची. म्हणून मी टेबलावरच्या छोट्या बोर्डवर, म्हणजे चाचणीसाठीच्या तळहाताएवढ्या उघड्या कॉम्प्युटरवर, जुना कर्नल चढवला आणि मुद्दाम हद्दीपलीकडचा पत्ता वाचला. त्या बोर्डवर त्या पत्त्याला काहीही जोडलेलं नाही. अशा रिकाम्या जागेतून ठरलेलं उत्तर येतं — ffffffff, सगळे एफ. म्हणजे कुणी नाही इथे.

मला आलं चौदा.

पुन्हा वाचलं, पंधरा. चहा पिऊन आले, तर एकोणीस. मग एकदम शून्य, आणि परत हळूहळू वर.

अशा वेळी मी घाबरत नाही, चिडते. नेटची वायर काढली. पॉवरची केबल बदलली. पुण्याहून आणलेला अगदी तसाच दुसरा बोर्ड लावला — त्याच्यावर सगळे एफ. पहिल्यावर पुन्हा आकडे. तन्मयला फोन केला.

"मॅडम, माझ्याकडे तर एफच येतात," तो म्हणाला. "तुमचा बोर्ड खराब असेल."

मलाही तसंच वाटत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी आकडा बघत बसले होते. बावीसवरून शून्यावर आला आणि त्याच क्षणी खालून वाफेचा मोठा फुस्स... दादाने घाणा काढला होता. योगायोग म्हणून सोडून दिलं. पुढच्या घाण्यालाही तसंच झालं. मग वही काढली. त्या दिवशी सात घाणे निघाले, आणि सातही वेळा आकडा त्याच मिनिटाला पडला. ती वही आजही माझ्याकडे आहे.

शेवटी दादाला फोन लावला. "दादा, काटा कितीवर आहे रे?"

"काहून गं?"

"सांग ना."

"अठरा."

स्क्रीनवर अठराच होते. आणखी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा बरोबर. जेवताना सगळं सांगितलं तर दादा ठसका लागेस्तोवर हसला.

"मंग तर लई बेस झालं. तू बस वर पंख्याखाली काटा पाहत, मी झोपतो लिंबाखाली."

वहिनी मात्र हसली नाही. म्हणाली, "ताई, असल्या गोष्टीला लई डिवचू नये." मी तिलाच वेड्यात काढलं. डिवचायचं काय त्यात, कारण शोधायचं होतं मला. तन्मयच्या दुरुस्तीवर शेरा मारला — 'कारण सापडेपर्यंत मंजूर करत नाही'. खरं सांगू? दुरुस्तीत खोट नव्हतीच. मला ती आकड्यांची खिडकी बंद करायची नव्हती, एवढंच.

चार दिवसांनी, दुपारचे चार वाजले असतील. घाणा बाविसाच्या आसपास निघायचा, हे मला एव्हाना पाठ झालं होतं. आकडा चोवीस झाला. सव्वीस झाला. मी खिडकीतून पाहिलं. दादा लिंबाखाली चहा पीत बसला होता, कुकरपासून चांगला चाळीस-पन्नास पावलं लांब. तांड्यावरच्या चार बाया मात्र कुकरच्या सावलीलाच हळदीचे गड्डे मोडत बसल्या होत्या. मी दादाला फोन केला. फोन खाली घरातच वाजला, चार्जिंगला लावलेला.

अठ्ठावीस.

मी खिडकीतूनच ओरडले, "दादा! काटा बघ! वाफ सोड!"

"काहून वरडून राहिलीस?"

"आकडा चढतोय! वाफ सोड म्हणते ना!"

माझा आवाज इतका फाटला होता की बाया हातातलं काम टाकून उठल्या, आईला काही झालं की काय म्हणून घराकडे निघाल्या. दादाने कप खाली ठेवला आणि तो कुकरकडे चालत गेला. अगदी सावकाश, धाकट्या बहिणीची समजूत काढायला जावं तसा. वाकून काट्याच्या काचेवर बोटाने टकटक केलं.

"बराबर हाय की गं! वीस!"

माझ्या स्क्रीनवर चौतीस.

"खोटाय तो काटा! मागे हो... दादा, मागे हो!"

त्याने ऐकायला म्हणून तोंड माझ्याकडे वळवलं. हात काट्यावरच होता. आणि टाकीचा पाइप निसटला. आधी आवाज आला, मग नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यात माझा भाऊ मला दिसेना.

धावत जिन्याकडे जाताना मी एकदा मागे वळून स्क्रीनकडे पाहिलं. का पाहिलं, माहीत नाही. त्याची आजही लाज वाटते. सगळे एफ होते.

वारंगा फाट्यावरून नांदेडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दादा शुद्धीवर होता आणि एकच विचारत होता, बाया बऱ्या हायत ना. बाया सुखरूप होत्या. त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत आणि छातीची एक बाजू भाजली होती. तीन आठवडे तो दवाखान्यात होता. दोन बोटं अजून वळत नाहीत. भाकरी तो डाव्या हाताने मोडतो आणि वहिनी तेवढा वेळ दुसरीकडे बघते.

आखाडा बाळापूरच्या मिस्त्रीने कुकर उघडून पाहिला. काट्याच्या नळीत गाळ अडकला होता, म्हणून काटा वीसवर अडला. वाफ आपोआप सोडणारा वाल क्षाराने गच्च झाला होता. म्हणजे स्फोटाचं कारण मिळालं, अगदी पटण्यासारखं मिळालं. पण मग अडलेल्या काट्याच्या पुढचे, वीसच्या वरचे ते आकडे मला कुठून येत होते? टाकीपासून माझ्या टेबलापर्यंत एक तारसुद्धा नव्हती.

तन्मयची दुरुस्ती मी दवाखान्याच्या बाकावर बसून मंजूर केली. कारण विचारायचं धाडस त्याने केलं नाही. टेबलावरच्या त्या एका बोर्डवर मात्र जुना कर्नल तसाच ठेवलाय. तेव्हापासून रोज वाचते. सगळे एफ... एकदाही दुसरं काही आलेलं नाही. तीन जाणत्या माणसांना वही दाखवली. एक म्हणाला बोर्ड सदोष, एक म्हणाला योगायोग, तिसऱ्याने वही मिटून परत दिली. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा. मी वाद घालणार नाही, शप्पथ.

गावात मात्र या गोष्टीचं उत्तर सगळ्यांकडे आहे. ताईला आधीच कळलं, ताईने चार बायांचा जीव वाचवला. त्यातल्या कमळाबाईंनी तर आईसमोर माझ्या पायांना हात लावला. दादा स्वतः येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "माझी बहीण होती म्हणून. न्हाईतर चारी गेल्या असत्या." मला मात्र दुसराही हिशोब येतो. तो लिंबाखाली चहा पीत होता. माझ्या हाकेने उठला आणि काट्यापर्यंत गेला. तो आकडा मला सावध करत होता, की माझ्या तोंडून त्याला बोलावून घेत होता? हे मी दादाला अजून बोललेले नाही. विचारलं तर तो हसून उडवून लावेल, आणि मला तेच सहन होणार नाही.

यंदा त्याने हळद शिजवायचं माझ्यासाठी अडवून ठेवलं. नवा काटा बसवलाय, नवा वाल बसवलाय, मिस्त्री दोनदा येऊन बघून गेला. तरी फोनवर म्हणाला, "काटा त्या दिवशी बी बराबरच दिसत होता की गं. तू ये. तू वर बसल्याबिगर मी जाळ लावत न्हाई." आता नुसते एफ येतात, त्यावर विसंबू नको, असं मी त्याला सांगायचा प्रयत्न केला, दोनदा केला. तो म्हणाला, काही नसलं म्हणजे ठीकच हाय ना.

परवापासून मी तो बोर्ड घेऊन इथे माहेरी आहे. सकाळी दादा डाव्या हातात काडेपेटी घेऊन कुकरपाशी उभा राहतो आणि वर खिडकीकडे बघतो. बायाही बघतात. मी स्क्रीनवर नजर टाकते. तिथे काहीच नसतं. मग मी मान हलवते, आणि तो जाळ लावतो.