कोंडाईगडचा गोलकीपर

चिंधा दिसायला काही पहिलवान नव्हता, पण पांझरेच्या वाळूत दोन बांबूंच्या मध्ये उभा राहिला की चेंडू आत जाईल तर शपथ! दिवसभर धुळ्याच्या जिनात कापसाच्या गाठी उचलायच्या आणि उन्हं कलली की अनवाणी नदीत जाऊन गोल राखायचा, एवढंच त्याचं आयुष्य. पांझरा क्लबकडे चेंडू एकच, त्यालाही इतकी ठिगळं की तो सरळ म्हणून कधी जातच नसे. पण धुळ्याचा जीव होता हो त्या क्लबवर! माग बंद करून विणकर येत, जिनातले हमाल येत, आणि वाळूत फतकल मारून आपल्याच खेळाडूंना पोटभर शिव्या देत.

छत्तीस साली हा क्लब कोंडाईगडच्या राजेसाहेबांनी घेतला. साक्रीच्या पलीकडे डोंगरात हे संस्थान. मुलूख एवढासा, पण वेठबिगारी एवढी की मुंबईच्या पेपरात छापून आलं. वाड्याचे दगड वाहायला वेठ, शिकारीत हाका घालायला, म्हणजे डबे बडवून ओरडत जनावर हाकलायला वेठ, राणीसाहेबांचं मांजर हवा खायला निघालं तर त्याच्यावर छत्री धरायलाही वेठ. गोऱ्या साहेबाने विचारणा केली. दुसऱ्या कुणी वेठ बंद केली असती. राजेसाहेबांनी फुटबॉल क्लब घेतला. पेपरात नाव यायचंच असेल तर खेळाच्या पानावर यावं, असा त्यांचा विचार.

क्लबचे सेक्रेटरी होते मोतीलाल वकील. आदल्याच वर्षी त्यांनी वेठबिगारीविरुद्ध असं भाषण ठोकलं होतं की टेबलावरचा पेला खाली पडून फुटला होता. राजेसाहेबांचे दिवाण बन्सीलाल त्यांना भेटून गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून वकीलसाहेब म्हणायला लागले, "हे पाहा, खेळात राजकारण आणू नये."

आघाडीला खेळणारा नासीर विणकर म्हणाला, "वकीलसाब, राजा तुम्हीच आणलात. राजकारण काय घरी ठेवून येणार आहे तो?"

नासीरला टीममधून काढलं. बाकीचे कोंडाईगडला गेले, चिंधाही गेला. का जाऊ नये? जिनापेक्षा बरा पगार, अंगात लाल जर्सी, पायात खरेखुरे बूट आणि रोज सकाळी तांब्याभर दूध. बूट चावले तरी गडी कौतुकाने लंगडत फिरायचा.

त्याची धाकटी बहीण तानुबाई संस्थानातल्याच एका गावात दिलेली होती. एके दिवशी सुट्टी मिळाली तसा चिंधा तिच्याकडे गेला. तिने घोंगडी अंथरली, हसून हसून माहेरची चौकशी केली आणि गुळाचा कोरा चहा पुढे ठेवला. दारात म्हैस बांधलेली.

"म्हैस आटनी का?" चिंधाने विचारलं.

तानुबाईचं हसू गेलं. "आटाले काय व्हयनं तिले? दूध बठ्ठं राजाना खेळाडूस्ले जास, भाऊ. शिपाई येस नि लई जास."

तिचं दोन वर्षांचं पोर कोपऱ्यात बसून भगरीची पातळ पेज चाटत होतं. चिंधाने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला सकाळचा दुधाचा तांब्या आठवला. भाच्याच्या तोंडचं पिऊन आपण दंड थोपटत होतो! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी राजाले इचारसू," तो म्हणाला.

पण वकीलसाहेबांनी त्याला थोपवलं. "वेड लागलंय का? आधी जळगाववाल्यांना हरव. राजेसाहेब खूश असले की माग काय मागायचं ते."

राजेसाहेबांनी भरवलेल्या स्पर्धेत जळगावच्या टीमशी सामना म्हणजे संस्थानात मोठा सोहळा. गोरा साहेब पाहुणा. टाळ्या वाजवायला माणसं हवीत, म्हणून दिवाणांनी गावोगाव दवंडी पिटवली आणि डोंगरातली माणसं वेठीला धरून आणली. त्यांना हुकूम एकच: ढोल वाजला की ओरडायचं. आता त्या बिचाऱ्यांनी फुटबॉल बापजन्मात पाहिला नव्हता. ढोल वाजल्यावर ओरडायचं म्हणजे काय ते मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती मंडळी हाक्याची!

ढोल वाजला. मैदानाच्या एका टोकाला बसलेले सगळेच्या सगळे उठले, डबे बडवत, "हो हो हो" करत ओळ धरून मैदानात घुसले आणि समोर दिसेल ते राजेसाहेबांच्या शामियान्याकडे हाकलत निघाले. जळगाववाले जीव घेऊन पळाले. आपलेही पळाले. रेफरी शिट्टी फुंकत सगळ्यांच्या पुढे! त्या रेट्यात चेंडू कुणाच्या तरी लाथेने जळगावच्या गोलात गेला. रेफरी होता संस्थानचा फौजदार. त्याने धापा टाकत गोल दिला आणि सामना संपल्याचंही तिथेच जाहीर केलं.

साहेब पोट धरधरून हसला. साहेब हसला म्हणून राजेसाहेब हसले, आणि त्या भरात त्यांनी चिंधाला बोलावून विचारलं, "बोल, काय हवं?"

"सरकार, माझ्या बहिणीच्या घरचं दूध तेवढं माफ करा."

"एवढंच? दिलं! दिवाण, ह्याच्या बहिणीच्या घरचं बंद. दुसऱ्या कुणाचं घ्या."

चिंधा तरंगतच तानुबाईकडे गेला. म्हैस दारात होती, चुलीवर दूध तापत होतं. पण तानुबाईने त्याच्याकडे वर मान करून पाहिलं नाही. दूध उतरवून तिने अर्धं एका गडूत ओतलं आणि शेजारच्या भिकुबाईकडे निघाली.

"आते तिनं दूध लई जातस," ती दारातून म्हणाली. "तिना पोऱ्या काय पेई, भाऊ? तुले एकलं मन्हंच घर दिसनं का?"

तो परत आला, बूट पुसून दिवाणांच्या ओट्यावर ठेवले आणि म्हणाला, "मी धुळ्याला जातो. जिनात काम मिळेल."

बन्सीलाल दिवाण फार गोड माणूस. त्यांनी शांतपणे समजावलं की बाबा रे, हुकमाशिवाय काम सोडून जाणाऱ्याला या संस्थानात कोठडी आहे, आणि फायनल रविवारी आहे.

रविवारी धुळ्याहून लॉऱ्या भरभरून माणसं आली. चिंधा मैदानात आला तो डाव्या-उजव्या हाताला एकेक शिपाई घेऊन. लोकांना वाटलं, काय मान आहे बघा आपल्या माणसाचा! त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. नंदुरबारच्या टीमने पहिला चेंडू मारला, तोही अगदी साधा, लहान लेकराने अडवावा असा. चिंधाने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि बाजूला सरला. दुसऱ्या चेंडूलाही तेच. तिसऱ्याला सारं धुळं उठून उभं राहिलं आणि शामियान्याकडून एक चप्पल येऊन चिंधाच्या खांद्यावर बसली.

"विकला गेला!" लोक ओरडायला लागले. "हरामखोर चिंधा विकला गेला!"

सगळ्यांत मोठा आवाज मोतीलाल वकिलांचा होता.