जमिनीला न पोचलेली तार

रेडिओमास्तरांच्या हाताला यश होतं आणि जिभेला धार. मुका पडलेला कुठलाही रेडिओ ते बोलता करत. त्यांच्या स्वतःच्या दुकानात मात्र तीन वर्षं एक गुरगुर ठाण मांडून बसली होती. दूरचं स्टेशन लावलं की गाणं कमी, गुरगुर जास्त.

मास्तरांनी खापर फोडलं ते शेजारच्या शिवणवाल्या वहिनींच्या विजेवरच्या मशीनवर. "वहिनी, तुमची मोटार माझ्या रेडिओत बसून कपडे शिवते हो!" भर गल्लीत ते म्हणाले. गल्ली खदखदून हसली. तेव्हापासून मास्तर रेडिओ तपासायला बसले की वहिनी मशीन बंद ठेवत. रोजचे दोन तास, तेही दिवसाउजेडीचे. तरी गुरगुर राहिलीच, तर मास्तर म्हणत, मशीनचा प्लग अजून खोचलेलाच असेल.

मास्तरांनी उपायही केला. आठवडाभर खपून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर गुंडाळला. विजेतला कचरा रेडिओत शिरू नये म्हणून दोन गुंडाळ्यांमध्ये तांब्याचा पत्रा घातला. पत्र्याची तार अर्थिंगसाठी, रेडिओच्या जुन्या तारेसारखीच, नळाच्या लोखंडी पाइपाला बांधली, म्हणजे कचरा थेट जमिनीत जाईल. गुरगुर तसूभर हलली नाही.

"ट्रान्सफॉर्मर अव्वल आहे," मास्तर म्हणाले, "ते मशीनच अवदसा!"

मग वहिनी आठ दिवस लेकीकडे गेल्या. मशीनचा प्लगही काढलेला, तरी गुरगुर चालूच.

मास्तर तारेचा माग काढत मोरीशी वाकले. लोखंडी पाइप हातभर खाली जाऊन संपला होता, पुढे प्लॅस्टिक. गळतो म्हणून तो तुकडा तीन वर्षांपूर्वी त्यांनीच बदलून घेतला होता. तार जमिनीला पोचतच नव्हती.

त्यांनी मागच्या ओल्या मातीत तांब्याची सळई ठोकली, तार तिला जोडली. रेडिओ स्वच्छ. वहिनी परतल्या, मशीन धडधडू लागलं, तरी स्वच्छ. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. दोन दिवस त्यांनी तिकडे मान वळवली नाही. तिसऱ्या दिवशी गेले.

"वहिनी, दोष माझ्या तारेचा होता. माझं चुकलं."

वहिनींनी मशीन थांबवलं. "शाळेचे गणवेश हातचे गेले माझ्या, भाऊजी. वेळेवर कपडे होत नाहीत म्हणाल्या तिथल्या बाई. आणि हे एवढ्या हळू सांगताय? हसवलंत तेव्हा तर अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं होतं."

मास्तर दारात आले. समोरून न्हावी ओरडला, "काय मास्तर, मोटार पुन्हा रेडिओत घुसली का?"

मास्तरांचे कान तापले. चौकट घट्ट धरून ते म्हणाले, "मोटारीचा दोष नव्हता. चूक माझी होती. तीन वर्षं वहिनींचं काम मी फुकट बंद पाडलं."

न्हाव्याचा वस्तरा हवेतच राहिला.

"शाळेच्या बाई कोपऱ्यावर राहतात," आतून वहिनी म्हणाल्या.

मास्तर खाली मान घालून कोपऱ्याकडे चालू लागले.