चौथ्या पिस्टनचा बाण

"नोंग सिद्रोचं आता संपलं," असं हारोच्या थांब्यावरचे ड्रायव्हर खुशाल बोलायला लागले होते. आमच्या नोंगला, म्हणजे दादाला, दिसत नाही म्हणे. लेकाचे, ह्यांची इंजिनं जन्मभर त्यानेच जिवंत ठेवली! माझी उतारूंची जीपनी पिस्टन झिजून निळा धूर ओकायला लागली तेव्हा मी मुद्दाम त्याच्याकडेच नेली. पण खोटं कशाला बोलू, धास्ती मलाही होतीच. आणि ह्या गाडीत काही घोटाळा झाला असता, तर म्हाताऱ्याच्या दारात पुन्हा कुणी गाडी लावली नसती.

सिद्रो इंजिन कधी बाहेर काढत नाही. काढायचं तर बोनेटवरचे शोभेचे पत्र्याचे घोडे, वेल्डिंग केलेली जाळी, सगळंच कापावं लागेल. तो वरून हेड खोलतो आणि त्याची बायको, आमची नांग म्हणजे ताई ओसांग, खालून तेलाचं चेंबर उतरवते. सिद्रोचं पोट गाडीखाली मावेनासं झालं तेव्हापासून खालची बाजू तिची. जुना पिस्टन ती हातोडीच्या दांड्याने वर ढकलते, तो झेलतो. नवा तो वरून सोडतो, ती त्याचा रॉड क्रँकवर बसवते. आणि दोघांची तोंडं अखंड चालू.

"झोपलीस का गं खाली?"

"तुझ्यासारखी? हात चालव मुकाट्याने!"

ओसांगने आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतो म्हणून तिने पाद्रीबाबालासुद्धा चर्चच्या दारात झापलं होतं.

मी तिच्या शेजारी टॉर्च धरून आडवा पडलो होतो. तीन पिस्टन बसले. चौथा उतरला आणि तिचा हात थांबला. पिस्टनच्या डोक्यावर एक बाण असतो, तो रेडिएटरकडे हवा. खालून बाण दिसत नाही, पण रॉडवरचा आकडा दिसतो. तीन आकडे डावीकडे होते, चौथा उजवीकडे. म्हणजे पिस्टन उलटा. तसाच बसवला असता तर इंजिन सुरू करताच व्हॉल्व्ह त्याच्यावर आपटून चुराडा झाला असता.

मी बोलणार, तोच तिने तेलाने माखलेला पंजा माझ्या तोंडावर दाबला.

"सिद्रो, वर घे रे," ती ओरडली, "माझ्याच हातून फिरला बघ. मेला हातच चालत नाही आज."

 वरून तो गडगडून हसला आणि मला म्हणाला, "ऐकलंस का अंबो? म्हातारी झाली आमची ओसांग!"

आता ही ह्याला फाडून खाणार, असं मला वाटलं.

"झालेय खरी," ती म्हणाली.

बस्स, एवढंच. देवाशपथ सांगतो, तिच्या तोंडून असं मी कधी ऐकलं नव्हतं. तिने दांड्याने पिस्टन वर सारला. वरून पिस्टन फिरवून फिरवून चाचपल्याची खरखर आली.

"ओसांग," त्याचा आवाज एकदम उतरला होता, "वर ये जरा. बाण तू बघ."

ती सरपटत बाहेर निघाली. मला खालून दोघांचे पायच दिसत होते, बंपरपाशी, एकमेकांना लागून. टोमणा नाही की शिवी नाही. पिस्टन पुन्हा उतरला तेव्हा आकडा डावीकडे होता. रॉड धरायला ती काही लगेच खाली आली नाही, आणि मीही तिला हाक मारली नाही.