चाळीसकाका

चाळीसकाकांनी आयुष्यात एकदाच गाडीचा काटा पंचेचाळीसवर नेला, आणि तोसुद्धा कात्रजच्या उतारावर शिंक आली म्हणून. लगेच त्यांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि इंजिनावर हात ठेवून दोन मिनिटं उभे राहिले. ते इंजिनाची माफी मागत होते, असं मी लोकांना सांगतो. प्रत्यक्षात मला काही ऐकू आलं नाही.

खडकीच्या लष्करी वर्कशॉपात तीस वर्षं त्यांच्याकडे एकच काम होतं. नवं इंजिन घातलेला ट्रक पहिले हजार-पंधराशे किलोमीटर चालवायचा. नव्या इंजिनात पिस्टनवरच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांची ओळख नसते. घासून घासून ती जुळली की ऑइल खाली राहतं. नाहीतर ते वर चढतं आणि जळून जातं. या जुळवण्याला काका ‘इंजिन बसवणं’ म्हणायचे आणि ताशी चाळीसच्या वर न जाता बसवायचे. ओळख करून देतानासुद्धा ते नाव शेवटी सांगत. “जयभीम. तीस वर्षं, आपण बसवलेलं एकही इंजिन ऑइल पीत नाही.” मग नाव.

ते निवृत्त झाले आणि पुण्यात कॉम्प्युटरवाल्यांचं पीक आलं. ज्यांना सायकलची चेन चढवता येत नव्हती त्यांच्या दारात गाड्या उभ्या राहिल्या. आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात तर नवी गाडी म्हटलं की हार, पेढे आणि काका, असा रिवाजच पडला होता. माझी गाडी मात्र साधी नव्हती. परदेशाहून आलेली, लालभडक, दोन दारांची, दोनच माणसांची, आणि जमिनीला इतकी चिकटलेली की सोसायटीचं मांजर तिच्याखालून जाताना कान मिटून घ्यायचं. शनिवार पेठेतले माझे मामा तिला बघायला आले, एक चक्कर मारली आणि म्हणाले, “बरी आहे. उरलेली कधी येणार?”

ही तोफ काकांनी चाळीसने चालवली. कात्रजला जाताना आम्हाला दुधाच्या टँकरने मागे टाकलं, मग सायकलवाल्याने, मग एका पायी चालणाऱ्या आजीबाईंनी. आजीबाईंच्या बाबतीत मी थोडं वाढवून सांगतोय. त्या चालत नव्हत्या, पळत होत्या. मागचे हॉर्न वाजवून वाजवून बहिरे झाले, पण काका शांत. “घाई त्यांना आहे, गाडीला नाही.”

दर शंभर किलोमीटरला ते सपाट जागा बघून थांबत, इंजिन बंद करत आणि डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढायच्या आधी दहा मिनिटं नुसते बसून राहत. मी चुळबुळ करायला लागलो की म्हणत, “उतरू द्या हो साहेब ऑइल खाली. लगेच काढलेली पट्टी म्हणजे झोपेतून उठवलेला माणूस. काहीही बरळतो.” मग जुन्या बनियनच्या स्वच्छ फडक्याने पट्टी पुसायची, पुन्हा बुडवायची आणि डोळ्यांसमोर आडवी धरायची. बारशाला मुलाचा चेहरा कुणावर गेलाय ते बघतात, तसं बघायचे.

आता एक गोष्ट सांगायला हवी. गाडीबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं होतं, आणि मी ते कँटीनमध्ये बसून वाचलं होतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की पहिल्या दीड हजार किलोमीटरमध्ये गाडी एकाच संथ वेगाने चालवू नका. वेग बदला, चढावर इंजिनाला थोडं राबवा, नाहीतर रिंगा बसणार नाहीत. मी काकांना एकदा म्हणालोही, “काका, पुस्तक वेगळं सांगतंय.”

“कोणी लिहिलंय?”

“कंपनीने.”

“मग ते चालवणार कोण? कंपनी?”

मी हसलो. वडीलधारा माणूस, तीस वर्षांचा अनुभव. पुन्हा विषय काढला नाही.

दीड हजार झाले आणि गाडी ऑइल प्यायला लागली. आठशे किलोमीटरला लिटर. मागे निळा धूर असा की महापालिकेचे डासांची फवारणी करणारे आले समजून लोक खिडक्या लावून घ्यायचे. काका दर रविवारी खडकीहून दोन बस बदलून येत, पट्टी बघत आणि म्हणत, “बसेल. अजून पाचशे जाऊ द्या.” पाचशे गेले. मग आणखी पाचशे. पट्टी बघायला लागणारा वेळ वाढत गेला आणि बोलणं कमी होत गेलं. एका रविवारी तर त्यांनी चहालाही नको म्हटलं.

शेवटी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. काका म्हणाले, “मीपण येतो.” तिथल्या तरुण इंजिनिअरने सिलिंडरमध्ये बारीक कॅमेरा घातला आणि लॅपटॉपवर दाखवलं. “सर, हे बघा, भिंत काचेसारखी गुळगुळीत झालीय. रिंग्ज बसल्याच नाहीत. गाडी फार हळू चालवलीय. वॉरंटीत नाही बसणार. रनिंग कोणी केलं?”

मी जन्मभर थापा मारल्या आहेत. विनाकारण मारल्या आहेत. तिथे ‘मी’ एवढं एक अक्षर पुरलं असतं. मी काकांकडे बोट केलं.

“मॅन्युअल दिलं होतं ना, सर?”

“मी सांगितलं होतं यांना,” मी म्हणालो.

काका लॅपटॉपकडे बघत होते. “हो,” ते म्हणाले. “साहेबांनी सांगितलं होतं.”

परत येताना ते माझ्याशेजारी बसले नाहीत. बस मिळेल म्हणाले. मला वाईट वाटायला हवं होतं. मी सिग्नलला उभा राहिलो, हिरवा झाला, निघालो.

सोमवारी कँटीनमध्ये मी हा किस्सा रंगवून सांगितला. टँकर, सायकलवाला, सगळं. आजीबाई तिथेच जन्माला आल्या. लोक टेबलं बडवून हसले. पुढच्या महिन्यात ऑफिसात चार नव्या गाड्या आल्या. हार आले, पेढे आले. काकांना कोणी बोलावलं नाही.

वर्षभराने त्यांचा फोन आला. “साहेब, रविवारी कायमचा गावी चाललो, भंडाऱ्याला. जायच्या आधी गाडी एकदा दाखवता का?”

शनिवारी मी पट्टीवरच्या वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरून घेतलं. रविवारी खडकीला पोचलो तेव्हा सामानाचा टेम्पो भरत होता. काकांनी मला ट्रंकेवर बसवून चहा दिला आणि इंजिन गार होईपर्यंत गाडीकडे बघितलंही नाही. मी म्हणालो, “काका, सहा महिने झाले, थेंब लागला नाही.”

त्यांनी बॉनेट उघडलं, पट्टी काढली, पुसली, बुडवली. वरच्या खुणेला. मान डोलावली. मग ते गाडीच्या मागे गेले, उकिडवे बसले आणि धुराच्या नळीत बोट फिरवलं. बोटाला कोरडी राख लागली तर इंजिन ठीक. ओली काजळी लागली तर ऑइल जळतंय. हे मला माहीत नव्हतं असं नाही. विसरलो होतो.

बोट काळं, ओलं, चकचकीत निघालं. काका त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले.

टेम्पोपाशी उभ्या असलेल्या काकूंनी हाक मारली. “बरी झाली का जी ती गाडी?”

काकांनी बोट मुठीत घेतलं आणि गुडघ्यावर जोर देऊन उठले.

“झाली,” ते म्हणाले. “मी सांगत होतो ना, बसेल म्हणून.”

“मग घोर सुटला,” काकू म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या.

मीही हसलो.