बालमणी अक्कांच्या पांढऱ्या प्लेटा

हैदराबादच्या त्या संस्थेत बालमणी अक्कांनी अठ्ठावीस वर्षं एकच स्वयंपाक केला, तो यीस्टचा. आगारची पूड, साखर, चिमूटभर पोषकं उकळायची आणि यीस्ट वाढवायच्या चपट्या प्लेटांत थिजायला ओतायची. शाळा चौथीपर्यंत, पण कुठल्या यीस्टला काय मानवतं ते तोंडपाठ. येत्या शुक्रवारी त्या निवृत्त होणार होत्या.

तिथेच पीएचडी करणारी प्रवल्लिका चार वर्षं एका जनुकाच्या मागे होती. डीएनए प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. हे जनुक त्या रिळांवरच्या खुणा पुसायला लावतं; गुंडाळी आवळते आणि शेजारचं जनुक गप्प बसतं. शेजारी तिने रंगाचं जनुक बसवलं होतं. ते गप्प असेल तर प्लेटेवर उगवणारे यीस्टचे ठिपके लाल, जागं झालं तर पांढरे. तिने खुणा पुसणाऱ्या जनुकात एक अक्षर बदललं, आणि मंगळवारी सगळे ठिपके पांढरे निघाले.

"अक्का, एका अक्षरात खेळ खलास," ती म्हणाली. तिच्या मार्गदर्शक सरांनी उस्मानिया बिस्किटं मागवली.

"आणि न बदललेलं यीस्ट?" अक्कांनी विचारलं.

"ते जुन्या प्लेटांवर लालच होतं की. तुमच्या नव्या प्लेटा कशाला वाया घालवू?"

अक्कांचं बिस्किट चहातच विरघळलं. पोषकांतलं अडेनिन भरपूर मिळालं की यीस्ट लाल होतच नाही, जनुक गप्प असो की जागं. बाकीच्यांच्या प्लेटांत त्या ते सढळ हाताने घालत, हिच्या प्लेटांत हात आखडता. त्यांनी जाऊन पाहिलं. गेल्या आठवड्यात फोडलेली अडेनिनची बाटली रिकामी होती; हिच्या प्लेटांतही हात सढळच चालला होता.

गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? पण पोरगी तोंडघशी पडली असती. त्यांनी सांगितलं.

"आत्ताच सांगायचं होतं, अक्का?"

"मग कधी? छापून आल्यावर?"

नव्या प्लेटांवर दोन्ही यीस्ट शेजारी शेजारी लावली. शुक्रवारी शाल देताना सर म्हणाले, "यांची एक प्लेट कधी चुकली नाही."

"एक खेप चुकली, सर. चाळीस प्लेटा," अक्का म्हणाल्या. लोक हसले. प्रवल्लिका हसली नाही.

सोमवारी फाटकावर त्यांना पाहुण्यांच्या वहीत सही करावी लागली. आत दोन्हीकडचे ठिपके लाल होते; अक्षर बदलून काहीच जागं झालं नव्हतं. प्रवल्लिकाने प्लेट उजेडाकडे धरून पाहिली. अक्कांना फार वाईट वाटलं.

"दुसरं अक्षर बदलून बघते," ती शेवटी म्हणाली. "प्लेटा लागतील."

अक्कांनी खुंटीवरचा एप्रन चढवला.

"अडेनिन तू मोज," त्या म्हणाल्या. "मी नुसतं ढवळते."